टेमघरचा पाचवा माग

नोकरीची बरीचशी वर्षं मी श्रीमंत देशांच्या दयाळूपणावर शिक्के मारले. हसू नका, खरंच हेच काम होतं माझं. पगार आपलं सरकार द्यायचं, दया परदेशातून यायची, आणि दोघांच्या मधे भिवंडीतल्या एका बँकेच्या माडीवर, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात मी बसलेला असायचो.

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. आपला माल परदेशात गेला की तिथलं सरकार त्यावर आयातशुल्क घेतं, म्हणजे आपली जकातच समजा. श्रीमंत देशांना मधे कधीतरी वाटलं की गरीब देशांचं भलं करावं. मग त्यांनी कायदे केले, की विकसनशील देशांचा अमुक-अमुक माल आमच्याकडे बिनशुल्क येऊ द्यावा. विकसनशील म्हणजे आपण. आता भलं करायचं तर करून मोकळं व्हावं की नाही? छे! तिकडच्या गिरणीवाल्यांच्या पोटात दुखू नये म्हणून कायद्याला अटींचं हे एवढं शेपूट. कापड बिनशुल्क, पण यंत्रावरचं चालणार नाही. ते हातमागावर, माणसाच्या हातापायांनी विणलेलं पाहिजे. आणि तसं ते आहे, असं त्याच गरीब देशाच्या सरकारी माणसानं एका हिरवट नक्षीच्या कागदावर लिहून दिलं पाहिजे. कागद असा की खोडरबर फिरवलं तर नक्षीच उडावी. व्यापारी त्याला ‘माफीचा कागद’ म्हणत, आणि त्यावरचा शेवटचा शिक्का माझा असे.

बरं, त्या मेहेरबानीलाही मुदत असायची. मुदत संपली आणि तिकडच्या सभागृहांत वाढवून द्यायची की नाही यावर वाद सुरू झाला, की इकडे बांधलेले गठ्ठे गोदीत पडून राहायचे आणि माझा शिक्का खणात. आम्ही मुळात गरीब आहोत की नाही, हे ठरेपर्यंत मी पेन्सिलींना टोकं करत बसायचो.

आणि हातमाग शोधायला मला नेमलं कुठे? भिवंडीत! ज्या गावात जन्मलेलं पोर यंत्रमागाची खटखट थांबली तर दचकून रडायला लागतं, त्या गावात. नारपोलीच्या गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या शेडमधून लूमचा असा आवाज यायचा की शेजारच्या माणसाशी खुणेनं बोलावं लागे. एकेकाळी इथे हातमाग होते, पण ते वीज येण्याआधी. आमच्या आजोबांनी पाहिलेले. मी याच गावचा, त्यामुळे मला हे पक्कं ठाऊक. आणि माझ्या टेबलावर तर दर आठवड्याला हातमागाच्या कापडाचे अर्ज! आमची ही शाळेत शिक्षिका होती. ती म्हणायची, “तुम्ही पास केलेलं कापड खरंच हातानं विणायचं झालं, तर आमच्या मुख्याध्यापकांसकट साऱ्या भिवंडीला मागावर बसवावं लागेल.”

हे जमत कसं होतं, ते रतनशेठकडून शिकावं. रतनशेठ मोठे निर्यातदार. पांढरं सफारी, हातात वेलदोड्याची डबी, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपणच यांच्याकडे काहीतरी मागायला आलोय. भिवंडीतच टेमघरला त्यांची शेड होती. दर्शनी भागात चार हातमाग मांडलेले. त्यांना दसऱ्याचे हार वर्षभर तसेच. तपासणीला गेलं की आधी थंड पेय, मग मागांचं दर्शन. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडून यंत्रमागांचा धडधडाट. “ते काय?” मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं. “ते शेजाऱ्यांचं, साहेब,” शेठ म्हणाले. शेजाऱ्यांच्या शेडमध्ये जायला दार मात्र शेठच्या ऑफिसातून होतं.

त्या चार मागांवर चार माणसं बसलेली असायची. एकदा मी त्यातल्या एकाकडे जरा निरखून पाहिलं. हातमागाला खाली पावड्या असतात. एक दाबली की ताण्याचे म्हणजे उभे निम्मे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर, आणि त्या फटीतून आडवा धोटा टाकायचा. या गड्यानं दोन्ही पावड्या एकदम दाबून धरल्या होत्या आणि तोंडावर भाव असा की एसटी चालवतोय.

“किती वर्षं विणताय?” मी विचारलं.

“कोण? मी?” तो म्हणाला. “मी न्हाय इनत, सायब. मी वडप्याला गोदामान हमाली करतंय. शेठ बोलला बस, त बसलो. उठू का आता? पाय आकडलं.”

शेठ मोठ्यानं हसले. “नवा आहे, साहेब, शिकाऊ. हस्तकलेला तरुण मिळत नाहीत हल्ली, तुम्ही जाणताच.” शिकाऊ गडी पन्नाशीचा होता. चौथ्या मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात तर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिला उठवायची कुणाची छाती नव्हती; तिथला गडी वर मांडी घालून बसला होता. मी अहवालात ‘चार हातमाग, तीन कार्यरत’ असं लिहिलं आणि त्या तीनला स्वतःचा प्रामाणिकपणा समजलो.

तुम्ही विचाराल, डोळ्यांदेखत हे चालू दिलंत? तर हो. नियमात माग पाहायचे होते, मागांवर किती कापड निघतं ते मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा टिपण लिहून वर पाठवलं होतं. वरून उत्तर आलं, निर्यातीत अडथळा येईल अशी भूमिका घेऊ नये. झालं. पुढे मी भूमिका घेतली नाही.

पण कापडाच्या तपासणीत मात्र माझा हात कुणी धरू शकत नव्हतं, असा माझा तोरा. अर्जाबरोबर कापडाचा तुकडा यायचा. त्यावर फक्त नंबर, नाव नाही. पक्षपात नको म्हणून. मी भिंग लावून तो तपासायचो. वरून आलेल्या परिपत्रकात हातमागाची लक्षणं दिली होती: काठ किंचित वाकडा हवा, आडवे धागे एका इंचात कमी तर दुसऱ्यात जास्त हवेत, मधेमधे गाठ हवी. थोडक्यात, माणसानं केलंय म्हणजे त्यात खोट हवीच. ज्यानं हे लिहिलं, त्यानं आयुष्यात बाजारातून पंचा तरी पारखून आणला होता की नाही, देव जाणे.

परिपत्रक गुप्त होतं, म्हणजे आठ दिवसांत साऱ्या नारपोलीला पाठ झालं. मग तिथे नवीच कला सुरू झाली. उत्तम चालणाऱ्या लूमचं चक्र ढिलं करायचं, काठाची दोरी मुद्दाम सैल सोडायची, धागा तोडून पुन्हा गाठ मारायची. रतनशेठनी तर यासाठी खास माणूस ठेवला होता. बाकीच्या कामगारांना कापडात खोट निघाली तर शिव्या, आणि याला खोट काढायचा पगार. कापड ताणून धरणाऱ्या टेम्पलच्या टाचण्यांची काठाला बारीक भोकं राहतात, ती यंत्रमागाची पक्की खूण. ती पाणी मारून इस्त्रीनं बुजवायची. मला हे सगळं ठाऊक होतं. त्यामुळे दहा तुकड्यांतला एखादा मी पकडायचोच, आणि लाल शाईनं ‘यंत्रमाग’ असा शेरा मारताना फार बरं वाटायचं. माझा एकही शेरा कधी फिरला नव्हता. हे मी घरी, दारी, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे सांगत असे.

एक दिवस एक तुकडा आला. पांढऱ्यावर बारीक निळी चौकट. भिंग लावलं आणि मी सावरून बसलो. आडवे धागे पहिल्या इंचात जेवढे, तेवढेच दहाव्यात. काठ पट्टीनं आखल्यासारखा. गाठ औषधाला नाही. टाचण्यांची भोकंही नव्हती, ते मला दिसलं. पण मी मनात म्हटलं, वा रे वा, इस्त्री झकास केलीय. इतकी वर्षं खोटं बघत आलेल्या माणसाला खरं समोर आलं तरी त्यात सफाईदार लबाडीच दिसते. मी लाल शाईचं पेन उघडलं आणि लिहिलं, ‘यंत्रमाग. नामंजूर.’ त्या दिवशी मी खुशीत दोन कप चहा प्यालो.

चार-पाच दिवसांनी एक म्हातारा माडीचा जिना चढून आला. पांढरी टोपी, काखेत कापडाची गुंडाळी. धाप लागली होती. नाव गफूर. गल्लीत सगळे त्यांना गफूरचाचा म्हणत. त्यांनी गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली. तीच निळी चौकट.

“साहेब, ये मेरा काम है,” चाचा म्हणाले. “मुंबईवाले बोले, आपने लिखा मशीन का है.”

“चाचा, हातमागावर इतकं सारखं निघत नाही.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. “पचास बरस हो गये बैठते,” ते म्हणाले. “अब भी सारखं नहीं निकलेगा, तो कब निकलेगा?”

मग त्यांनी हकिगत सांगितली. परदेशातल्या एका छोट्या दुकानाची मालकीण मुंबईच्या एका लहान निर्यातदाराबरोबर त्यांच्या घरी आली होती. चटईवर बसून तासभर विणणं पाहिलं, आणि चाचांच्या दोन्ही मागांना पुढचं वर्षभर पुरेल एवढं कापड सांगून गेली. पण शुल्क भरून तिला परवडणार नव्हतं. माफीचा कागद असेल तर माल घेईन, नाहीतर नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. इकडे चाचांचा मुलगा मागे लागलेला, की मागांचे खड्डे बुजवा, तिथे दोन पॉवरलूम टाकू. चाचांनी त्याला शब्द दिला होता, ही ऑर्डर हातची गेली तर तुझं ऐकेन. म्हणजे त्या दोन मागांचं काय व्हायचं, ते माझ्या लाल शाईवर ठरणार होतं.

“आप आके देख लो,” चाचा म्हणाले.

मी गेलो. नाही गेलो असं नाही. दुपारची वेळ, गल्लीत दोन्हीकडे लूमचा गदारोळ. चाचांच्या घरात मातीच्या जमिनीत दोन खड्डे, त्यांवर दोन माग, आणि कोपऱ्यात चाची धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसलेली. चाचा खड्ड्यात पाय सोडून बसले आणि विणू लागले. बाहेरच्या आवाजात मला त्यांच्या मागाचं काही ऐकू येईना, नुसते हात दिसत होते. एवढ्यात वीज गेली. साऱ्या गल्लीतले लूम जागच्या जागी थांबले. कान सुन्न व्हावेत अशी शांतता. आणि त्या शांततेत एकच माग चालू होता. खट्. खट्. खट्. चाचांनी मान वर करून पाहिलंही नाही. बाण्याचा आडवा धागा पडत होता, त्यावर फणी बसत होती, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर घड्याळाच्या काट्यालाही लाजवेल असं.

मला आतल्या आत लाज वाटली. खोटं कशाला बोलू? माझा शेरा चुकला होता आणि मला तो तिथे उभ्या-उभ्या चुकलेला दिसला.

आता यावर उपाय काय होता, तेही ऐका. उपाय सोपा होता. तपासणाऱ्यानं स्वतः टिपण लिहायचं: ‘माझ्याकडून तपासणीत चूक झाली, फेरतपासणी व्हावी.’ दोन ओळी. त्याशिवाय नामंजूर तुकड्याचं प्रकरण पुन्हा उघडता येत नव्हतं. ऑफिसात येऊन मी कागद घेतला. ‘माझ्याकडून’ एवढं लिहिलं आणि थांबलो. बढतीची यादी लागायची होती. शेजारच्या टेबलावरचा इसम माझा शेरा कधी फिरतो याची वाट बघत इतकी वर्षं टपून बसलेला. ‘कर्णिकसाहेबांचा डोळा’ म्हणून बाजारात जी काही पत होती, ती माझ्याच हातानं खोडायची? मी कागदाची घडी करून खिशात टाकली. उद्या लिहू म्हटलं. उद्याचंही तेच झालं.

त्याऐवजी मी काय केलं? मी चाचांना अक्कल शिकवायला गेलो. “चाचा, नया सॅम्पल दो. नये नंबर से,” मी म्हटलं. “बस, थोडा खराब बुनो. बीच में एक-दो गाठ. किनारा जरा टेढा. मैं पास कर दूँगा.”

चाचांनी चाचींकडे पाहिलं. चाची कांडी भरायची थांबली.

“खराब?” चाचा म्हणाले.

“थोडंसंच. कायद्यासाठी.”

त्यांनी खरंच प्रयत्न केला. मी समोर बसून पाहिलं. त्यांनी काठ सैल सोडला, दोन धागे तसे गेले, आणि तिसऱ्याला हात आपसूक काठ ओढून सरळ करून मोकळा. पुन्हा सोडला, पुन्हा सरळ. शेवटी त्यांनी धोटा बाजूला ठेवला. “हाथ नहीं मानता, साहेब,” ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. इतका वेळ नीट विणताना तो आला नव्हता.

माझ्या डोक्यात अजून एक युक्ती होतीच. लाज कोळून प्यायची तर अर्धी कशाला? मी म्हटलं, “तो नारपोली से टुकडा लाओ. वहाँ हँडलूम जैसा मिलता है. वो सॅम्पल में दो, और माल अपना भेजो.”

चाचा हळूच हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “मतलब मशीनवाला हाथ का, और हाथवाला मशीन का?” ते म्हणाले. “नहीं साहेब. मेरे कपडे के लिये मैं झूठी गवाही नहीं दूँगा.” मग चाचींना म्हणाले, “साहेब के लिये चाय रखो.” मी तो चहा प्यालो.

खिशातलं टिपण खिशातच राहिलं. ते धोब्याकडे गेलं आणि लगदा होऊन परत आलं. माल पाठवायची मुदत टळली, त्या दुकानवाल्या बाईंनी ऑर्डर रद्द केली. बढतीच्या यादीत माझं नाव आलं. घरी पेढे आले तेव्हा मी हिला ही गोष्ट सांगितली. तिनं उचललेला पेढा खाली ठेवला आणि म्हणाली, “दोन ओळी लिहायच्या होत्या ना हो फक्त?” पुढे या विषयावर ती कधी बोलली नाही, पण मुख्याध्यापकांची ती चेष्टा मात्र तिनं त्या दिवसापासून बंद केली.

पुढच्या वर्षी रतनशेठकडे तपासणी निघाली. मोठा माल होता, भरपूर गठ्ठे. टेमघरच्या शेडमध्ये नेहमीप्रमाणे थंड पेय आलं, भिंतीपलीकडे ‘शेजाऱ्यांचा’ धडधडाट चालू. शेठ म्हणाले, “साहेब, या वेळी आपण पाचवा माग टाकलाय. अस्सल. तुम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही.”

मी पाहिलं. पाचव्या मागाला नवा हार होता. आणि मागावर गफूरचाचा बसले होते.

त्यांच्या घरातले खड्डे बुजले होते. एक माग सरपणात गेला, दुसरा शेठनी उचलला आणि त्याच्याबरोबर चाचांनाही रोजावर ठेवलं. तपासणी असेल त्या दिवशी दिवसभर विणायचं, एरवी घरी बसायचं. चाचांनी मला पाहिलं. कपाळाला हात लावून “सलाम, साहेब” म्हणाले आणि विणत राहिले. मी जवळ गेलो. तीच निळी चौकट. काठ पट्टीनं आखल्यासारखा.

शेठ माझ्या कानाशी आले. “त्यांचं कापड आम्ही सॅम्पलला देत नाही हं, साहेब. फार साफ येतं. तुम्ही नापास कराल.”

शेठनी हिरवा कागद टेबलावर माझ्यापुढे सरकवला. आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

भिंतीपलीकडचा धडधडाट एका क्षणात बंद पडला. अलीकडे चारही मागांवरची माणसं हात सोडून बसली. त्यांना वाटलं, वीज गेली म्हणजे आपणही थांबायचं. शेठ डबीतला वेलदोडा काढून तसाच हातात धरून उभे राहिले. साऱ्या शेडमध्ये एकच आवाज उरला. खट्. खट्. खट्. तिथे उभ्या असलेल्या कुणालाही, अगदी त्या परदेशातल्या कायदा करणाऱ्यांना आणून उभं केलं असतं तर त्यांनाही कळलं असतं, की हातमाग कुठला आणि बाकीचं काय.

माझ्यापुढचा कागद भिंतीपलीकडच्या कापडाचा होता. मी त्यावर लिहिलं, ‘पाच हातमाग, कार्यरत’, खाली सही केली, शिक्क्यावर तोंडाची वाफ दिली आणि मारला.

चाचांनी मान वर केली नाही. पण शिक्का टेबलावर आपटला तेव्हा मागाचा एक ठोका चुकला. पन्नास वर्षांत न चुकलेला. पुढच्या ठोक्याला त्यांनी फणी मागे घेतली, तो धागा उसवून बाहेर काढला आणि पुन्हा नीट बसवला.